जुनी मोटारसायकल घेताना : पारख, पैसा आणि कागदपत्रे

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाचा दिवस लोकलगाडीच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. परंतु लोकलची सोय मुख्यतः उत्तर-दक्षिण अशी आहे. बोरिवलीहून चर्चगेट गाठणे सोपे, पण मुलुंडहून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा घाटकोपरहून कांदिवलीस जायचे म्हटले की दोन गाड्या, एक बस आणि वर पायपीट असा हिशेब होतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून पूर्व-पश्चिम प्रवासाची मोठी सोय झाली. तरीही रात्रपाळी संपवून घरी परतणारा कामगार, पहाटे मालाची ने-आण करणारा छोटा व्यावसायिक, दिवसभरात दहा ठिकाणी फिरावे लागणारा विक्री प्रतिनिधी यांची गरज त्याने पुरी होत नाही. अशा कुटुंबांत कधी ना कधी मोटारसायकलीचा विषय निघतो आणि नव्या गाडीची किंमत ऐकल्यावर तो जुन्या गाडीवर येऊन थांबतो.

उपनगरांचे आणि दुचाकीचे नाते जुने आहे. एके काळी भांडुप येथील ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा स्कूटर बाहेर पडत. त्या काळी पसंतीच्या नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि त्यामुळे वापरलेल्या स्कूटरलाही चढा भाव येई. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकली बाजारात आल्या आणि थोड्या पेट्रोलवर दूरवर जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज परिस्थिती उलट आहे. जुन्या गाड्यांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो पारख करण्याच्या सवडीचा. वर्षभर बाजूला ठेवलेली शिल्लक एका संध्याकाळी, रस्त्यावरच्या दिव्याखाली, अर्ध्या तासात दिली जाते. त्या अर्ध्या तासापूर्वी आणि नंतर काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आधी गरज, मग गाडी

पहिला प्रश्न स्वतःस विचारावा : गाडी कशासाठी हवी? रोज वीस-पंचवीस किलोमीटरचा प्रवास, तोही लालबहादूर शास्त्री मार्ग किंवा स्वामी विवेकानंद मार्ग यांसारख्या गर्दीच्या रस्त्यांवरून, असा असेल तर १०० ते १२५ सीसीची साधी गाडी पुरेशी होते. उदाहरणादाखल, महिन्यास ६०० किलोमीटर फिरणाऱ्यास लिटरमागे ५० किलोमीटर देणारी गाडी १२ लिटर पेट्रोलमध्ये पुरते. लिटरमागे ४० देणाऱ्या मोठ्या गाडीस १५ लिटर लागते. दरमहा तीन लिटरचा हा फरक गाडी विकेपर्यंत सोबत राहतो. शिवाय अधिक खपाच्या साध्या गाडीचे सुटे भाग प्रत्येक नाक्यावर मिळतात आणि ती दुरुस्त करणारा कारागीर शोधत हिंडावे लागत नाही.

वयाचा विचारही महत्त्वाचा आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींपैकी १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था आणि त्यावरील गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर या सुधारणेचे मोल कळते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागी बहुतेक गाड्यांत इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. कार्ब्युरेटरची गाडी गल्लीतला मेकॅनिक खोलून साफ करू शकतो. नव्या यंत्रणेतील दोष शोधण्यास वेगळे उपकरण लागते. ज्याची मिळकत बेताची आहे त्याने या दोहोंतील फायदा-तोटा आपल्या परिसरातील दुरुस्तीची सोय पाहून ठरवावा.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. गाडी घेऊन प्रवासी वाहतूक करावी, असे अनेक तरुणांच्या मनात असते. राज्यात बाइक-टॅक्सीसंबंधी २०२५ साली जे नियम करण्यात आले, त्यांत विजेवर चालणाऱ्या दुचाकींचीच तरतूद आहे. पांढऱ्या पाटीची, पेट्रोलवर चालणारी जुनी मोटारसायकल या कामासाठी घेण्याच्या फंदात पडू नये. खाजगी गाडी भाड्याने चालविताना अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

रुपयातले बारा आणे

जुनी गाडी घेताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे जवळची सर्व रक्कम किमतीत घालणे. हाती असलेल्या रुपयापैकी बारा आणे गाडीला आणि चार आणे तिच्या मागून येणाऱ्या खर्चाला, हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावे. समजा, एका कुटुंबाने ४५,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : गाडीची किंमत ३३,००० रुपये, टायर, साखळी, बॅटरी, तेल इत्यादी पहिल्या दुरुस्तीसाठी ५,५०० रुपये, नावनोंदणी व तत्संबंधी खर्च १,००० रुपये, विमा १,५०० रुपये, दोन शिरस्त्राणे २,००० रुपये, आणि अडीअडचणीस शिल्लक २,००० रुपये. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. गाडीपरत्वे ते बदलतील, पण यांतील एकही रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

शिरस्त्राणाचा रकाना तर मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही शिरस्त्राण आवश्यक आहे. मुंबईत मागे बसणाऱ्यांविरुद्धची कारवाई जून २०२२ पासून कडक करण्यात आली. जून २०२१ पासून देशात दुचाकीस्वारांसाठी भारतीय मानक चिन्ह असलेलीच शिरस्त्राणे विकता येतात. पदपथावरील बिनचिन्हाचे स्वस्त शिरस्त्राण घेणे म्हणजे दंड वाचविण्यासाठी डोके धोक्यात घालणे होय.

गाडी कोणाकडून घ्यावी

साधारणपणे तीन मार्ग आहेत. पहिला, ओळखीच्या किंवा शेजारच्या माणसाकडून थेट घेणे. यात गाडीचा पूर्वेतिहास कळतो, कोणत्या कारागिराकडे ती जात असे हेही विचारता येते. दुसरा, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेणे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. या अधिकारपत्राची मुदत पाच वर्षांची असते. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी सूचना ठरावीक नमुन्यात प्राधिकाऱ्यास द्यावी लागते. दुकानात पाऊल ठेवताच हे अधिकारपत्र पाहण्यास मागावे. मागणाऱ्यास त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तिसरा मार्ग दलालाचा. दलाल गाडीचा मालक नसतो, व्यापारीही नसतो. उद्या काही निघाले तर त्याचा दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो. त्याच्यामार्फत गाडी पाहिली तरी व्यवहार नोंदणीपुस्तकातील मालकाशी समोरासमोर बसूनच करावा.

यंत्राची पारख

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी. नुकतीच धुतलेली, पाण्याने चमकणारी गाडी तेलाची गळती लपवते. विक्रेत्यास आदल्या दिवशी सांगून ठेवावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचताच इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड आहे याची खात्री करावी. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये सुरू झाले, तर त्याची प्रकृती बरी समजावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाबद्दल शंका घ्यावी.

इंजिन चालू झाल्यावर धुराकडे पाहावे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर तेल जळत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. ही दुरुस्ती खर्चाची असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जळते आहे. हा दोष पुष्कळदा थोडक्यात निघतो. सकाळच्या गारव्यात सुरुवातीस येणारी आणि लवकरच थांबणारी पांढरी वाफ चिंतेचे कारण नाही. स्पार्क प्लग काढून दाखवण्यास सांगावे. त्याचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर उत्तम, तेलाने काळे व ओले असेल तर निळ्या धुराची साक्ष पटते.

त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि फोर्कच्या खालच्या टोकांस धरून पुढे-मागे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर हँडलचा कोनसेट झिजला आहे. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्येच अडकले तरी तोच अर्थ. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा थर असेल तर सील गेले आहेत. मागचे चाक फिरवून साखळी पाहावी. दातेरी चक्राचे दात सरळ न राहता आकड्यासारखे वळले असतील, तर साखळी आणि दोन्ही चक्रे एकदम बदलावी लागतात. टायरच्या बाजूस असलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. वरची नक्षी ठीक दिसली तरी सात-आठ वर्षांपूर्वीच्या टायरवर भरवसा ठेवू नये.

किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. तो मागे नेणे अवघड नसते. त्याऐवजी पायाचे रबर, गिअरची पट्टी, हँडलच्या मुठी आणि आसन पाहावे. मीटर बारा हजार सांगत असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीचा लोखंडी भाग घासून गुळगुळीत झाला असेल, तर पायपट्टीवर विश्वास ठेवावा.

शेवटी गाडी चालवून पाहावी. अर्थात त्यासाठी स्वतःचा परवाना आणि गाडीचा चालू विमा दोन्ही हवेत. सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या बऱ्या वाटतात. घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या टेकडीवरील वस्तीत किंवा एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, मागे एका माणसाला बसवून, गाडी कशी ओढते ते पाहावे. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लचप्लेटा झिजल्या आहेत. गाडी सरळ चालत असताना हँडल किंचित तिरके धरावे लागत असेल तर पूर्वी कधी धडक बसून सांगाडा किंवा फोर्क वाकला असण्याचा संभव आहे. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये.

या सर्व गोष्टी स्वतःला जमतीलच असे नाही. म्हणून आपला नेहमीचा कारागीर सोबत न्यावा आणि त्याच्या वेळेचा मोबदला आपण स्वतः द्यावा. मोबदला विकणाऱ्याकडून मिळाला तर कारागिराचे मतही विकणाऱ्याचेच होते.

पाऊस, समुद्र आणि गंज

मुंबईच्या गाडीची पारख पुण्या-नाशिकच्या गाडीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. वर्सोवा, मढ, मार्वे, गोराई या किनाऱ्यांलगत खारा वारा लोखंडाला वर्षभर खातो. अंधेरीचा किंवा सांताक्रूझजवळचा मिलन भुयारी मार्ग पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे उपनगरवासीयांस सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हजारो वाहने पाण्यात उभी होती. तसा दिवस क्वचित येतो, परंतु गुडघाभर पाण्यातून गाडी रेटण्याचा प्रसंग दरवर्षी येतो.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. इंजिनतेल तपासण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. हेडलाइटच्या काचेच्या आत चिखलाची किंवा पाण्याची रेषा, आसनाखालच्या तारांच्या जोडांवर हिरवट थर, पेट्रोलच्या टाकीत तांबूस भुकटी या इतर खुणा. टाकीचे झाकण उघडून विजेरीच्या उजेडात आत पाहावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पेट्रोलमध्ये आता ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्यामुळे अनेक महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या टाकीकडे, तसेच रबरी नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. सांगाड्याची तपासणी खालून करावी. मधला स्टँड, मागच्या फोर्कचा जोड आणि सायलेन्सरचा पोटाकडील भाग येथे गंज आधी धरतो. वरून दिलेला ताजा काळा रंग हा पुष्कळदा गंजावर टाकलेला पडदा असतो.

कागदपत्रांची छाननी

यंत्र मनास आले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे कागदांचे आहे आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे. सांगाड्यावर, बहुधा हँडलच्या मानेपाशी, कोरलेला चॅसी क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः जुळवून पाहावा. आकडे वेडेवाकडे, कानशीने घासलेले किंवा ताज्या रंगाखाली दडलेले असतील तर तेथूनच परतावे. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर चोरीच्या नोंदीविषयी खात्री करून घेता येते.

केंद्र शासनाच्या ‘वाहन’ प्रणालीवर गाडीचा क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख व मुदत, विमा आणि प्रदूषण तपासणीची स्थिती यांसारखी माहिती मिळते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन प्रणालीवर थकलेला दंड दिसतो. ही थकबाकी विक्रेत्याने व्यवहारापूर्वी भरावी, अशी अट स्पष्ट शब्दांत घालावी. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर नोंदणीपुस्तकात वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले असे तोंडी सांगणे पुरेसे नाही. वित्तसंस्थेचे पत्र आणि नमुना ३५ सादर करून बोजा उतरविलेला असला पाहिजे.

खाजगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्या वेळी नूतनीकरण शुल्काबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर ती का स्वस्त आहे, याचे उत्तर नोंदणीच्या तारखेत सापडते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविणे बंधनकारक झाले आहे, ती बसवली आहे का हेही पाहावे. प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र भारत स्टेज चार व सहा मानकांच्या गाड्यांना एक वर्षाचे आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना सहा महिन्यांचे मिळते.

मूळ मालक हयात नसेल तर त्याच्या सहीचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी वारसाने नमुना ३१ भरून गाडी प्रथम स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मग विकावी. ‘वडिलांची सही आधीच घेऊन ठेवली आहे’ असे सांगणाऱ्या सुस्वभावी मुलाकडूनही गाडी घेऊ नये.

नाव बदलले तरच मालकी बदलली

पैसे दिले, किल्ली मिळाली, म्हणजे गाडी आपली झाली अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यातील असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास दिली पाहिजे. यासाठी नमुना २९ दोन प्रतींत आणि नमुना ३० भरावा लागतो. मोटारसायकलीच्या हस्तांतराचे मूळ शुल्क अवघे १५० रुपये असून नोंदणीपत्राच्या स्मार्टकार्डाचा आकार वेगळा असतो. अंधेरी व आसपासच्या पश्चिम उपनगरांसाठी अंधेरीचे कार्यालय (एमएच ०२), बोरिवली परिसरासाठी बोरिवलीचे कार्यालय (एमएच ४७) आणि घाटकोपर-मुलुंडसह पूर्व उपनगरांसाठी वडाळ्याचे कार्यालय (एमएच ०३) आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुलुंडच्या रहिवाशाने चेकनाक्यापलीकडे ठाण्यात नोंदलेली एमएच ०४ ची गाडी घेतली, तरी राज्य तेच असल्याने क्रमांक बदलत नाही. परराज्यातील गाडीचे मात्र ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक असे सर्व सोपस्कार करावे लागतात. तेव्हा स्वस्त दिसणारी परराज्यातील गाडी शेवटी स्वस्त राहत नाही.

या तरतुदीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे घाटकोपरचे एक गृहस्थ खाजगी कचेरीत लेखनिक होते. मुलाच्या शिक्षणाची जुळवाजुळव करताना त्यांनी आपली शंभर सीसीची मोटारसायकल एका दलालामार्फत अकरा हजारांस विकली. घेणाऱ्याचे नाव व तारीख कोरी ठेवून त्यांनी दोन्ही नमुन्यांवर सह्या केल्या. ‘साहेब, आठवड्यात गाडी नावावर होईल’ असे आश्वासन मिळाले आणि विषय संपला. दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस त्यांच्या दारी आली. भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला त्या गाडीची धडक बसली होती आणि तिचा पाय मोडला होता. मधल्या काळात गाडी दोन हात फिरली होती, विमा संपून गेला होता, आणि दप्तरी मालक म्हणून नाव होते ते या गृहस्थांचे. ज्याला गाडी दिली त्याचे आडनावही त्यांना ठाऊक नव्हते. पुढील तीन वर्षे रजा घेऊन तारखांना जाण्यात गेली. अखेर भरपाईची रक्कम त्यांनी ज्या ठेवीतून दिली, ती मुलाच्या शिक्षणासाठीच होती. त्या वृद्धेची अवस्थाही बिकटच होती. विमा असता तर जी भरपाई तिला विमा कंपनीकडून मिळाली असती, ती एका लेखनिकाच्या ठेवीतून हप्त्याहप्त्याने तिच्या हाती पडली. गृहस्थ एकदा म्हणाले, “पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्या बाईंपुढे उभा राहिलो तेव्हा, ही गाडी माझी नाही, असे म्हणायला माझ्याकडे एक चिठोराही नव्हता.”

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हाच मुद्दा निःसंदिग्ध केला. तेथेही वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले होते, परंतु नोंदणी पहिल्याच्या नावावर राहिली होती. अधिनियमाच्या व्याख्येनुसार ज्याच्या नावावर नोंद तोच मालक आणि भरपाईचे दायित्वही त्याचेच, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या शोधात एका दारातून दुसऱ्या दारी हिंडावे, हे कायद्यास अभिप्रेत नाही, हे या निर्णयामागील तत्त्व आहे.

यातून विकणाऱ्याने जो धडा घ्यावा तोच घेणाऱ्यानेही घ्यावा. कोऱ्या नमुन्यावर सही देऊ नये आणि कोऱ्या नमुन्यावर गाडी घेऊही नये. पैसे व गाडी यांची देवघेव होताना दोन प्रतींत पावती करावी. तीत दोघांची पूर्ण नावे, पत्ते, गाडीचे तिन्ही क्रमांक, रक्कम आणि ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहावी. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची अट उभयतांच्या संमतीने घालता आली तर उत्तम.

विम्याचा प्रश्न

तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठीचा विमा कलम १४६ अन्वये प्रत्येक गाडीस सक्तीचा आहे. विमा नसलेली गाडी चालविल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याउलट २०२२ साली ठरविलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा हा वार्षिक हप्ता ७१४ रुपये आणि त्यावरील कर इतकाच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे पाच वर्षांच्या आतील गाडीस तो बहुधा असतो, पण तो खरोखर चालू आहे का हे पाहून घ्यावे. गाडीबरोबर हा विमाही नव्या मालकाकडे येतो. तथापि १४ दिवसांत विमा कंपनीस अर्ज करून आपले नाव लावून घेणे आवश्यक आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असे नाव लावल्यावाचून मिळत नाही. ‘दावा न केल्याबद्दलची सूट’ ही गाडीची नसून मालकाची असते. ती पहिल्या मालकापाशीच राहते, हेही ध्यानात ठेवावे.

समारोप

जुनी गाडी घेणे हा कमीपणा नव्हे. आपल्या ऐपतीत राहून, कर्जाच्या हप्त्याखाली न वाकता, कामाची सोय करणारे अनेक प्रामाणिक कष्टकरी असाच निर्णय घेतात. त्या निर्णयात घाई नसावी एवढेच. एक सकाळ यंत्राच्या पाहणीस, एक संध्याकाळ कागदांच्या छाननीस आणि एक दिवस नाव बदलण्याच्या अर्जास दिला तर पुढची अनेक वर्षे निर्धास्तपणे जातील. किल्ली हाती आली त्या दिवशी नव्हे, तर नोंदणीपत्रावर स्वतःचे नाव उमटले त्या दिवशी पेढे वाटावेत. तोवर गाडी फाटकाच्या आत उभी ठेवण्याचा संयम घरातील तरुणांनी पाळावा आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून तो पाळून घ्यावा.